पुन्हां चिठ्ठी निघेपर्यंत

आपल्यासारख्या घरांतून परीक्षेला जें स्थान आहे तें दुसऱ्या कशालाही नाहीं. देव्हाऱ्यांतील निरांजन एखादे दिवशीं लावावयाचें राहील, पण मुलाच्या निकालाचा दिवस कोणी विसरणार नाहीं. आमच्या आजोबांनीं मॅट्रिकला मिळविलेले संस्कृतचे गुण आमच्या घरांत अद्यापि सांगितले जातात. ज्यांनीं आजोबांना पाहिलेंही नाहीं अशीं पतवंडेंसुद्धां तो आंकडा बिनचूक म्हणून दाखवितात. अभ्यास केला कीं गुण मिळतात, गुण मिळाले कीं जागा मिळते, आणि जागा न मिळाल्यास अभ्यासांत कोठें तरी उणें राहिलें असलें पाहिजे, हा हिशेब आमच्याकडे तीन पिढ्या इतक्या निष्ठेनें चालत आला आहे कीं तो सृष्टीचाच एक नियम वाटावा.

अशा घराला एके दिवशीं एका निराळ्याच दाराशीं उभें राहावें लागलें. तेथें गुण पाहून कोणी आंत घेत नाहीं; चिठ्ठी काढून घेतात. त्या दाराशीं आमच्या घरानें पांच वर्षें काढलीं. त्या काळांत आम्हांस जें दिसलें तें, ज्यांच्या घरचीं मुलें आज त्याच दाराशीं उभीं आहेत त्यांच्या कांहीं उपयोगी पडेल, अशा समजुतीनें लिहीत आहों.

हें दार म्हणजे अमेरिकेचा एच-वन-बी नांवाचा व्हिसा. विशेष शिक्षण लागणाऱ्या कामावर परदेशी माणसास ठेवण्याची ही परवानगी होय. तिची आजची घडण १९९० च्या कायद्यानें झाली. ही परवानगी ज्याची त्यानें मागावयाची नसते. त्याच्या मालकानें मागावयाची असते. वर्षाला ६५,००० ही मर्यादा त्याच कायद्यानें घातली. मध्यंतरीं संगणकाच्या भरभराटीच्या काळांत ती १,९५,००० पर्यंत नेली होती. परंतु २००४ च्या सरकारी वर्षापासून ती पूर्वपदावर आली. पुढें अमेरिकेंतील विद्यापीठांची एम्. एस्. किंवा त्याहून वरची पदवी असणारांसाठीं आणखी २०,००० जागा वेगळ्या काढण्यांत आल्या. पहिल्या ६५,००० पैकीं ६,८०० जागा चिली आणि सिंगापूर या दोन देशांसाठीं राखलेल्या आहेत. विद्यापीठें व तत्सम संशोधनसंस्था यांना ही मर्यादा लागू नाहीं. बाकीच्या सर्व जगानें उरलेल्या जागांवर समाधान मानावयाचें.

२०२० सालापासून या जागांसाठीं संगणकावर नांवें नोंदविण्याची पद्धत सुरू झाली. मालकानें मार्च महिन्यांत ठराविक फी भरून उमेदवाराचें नांव घालावयाचें. ही फी प्रथम दहा डॉलर होती, ती २०२५ सालीं २१५ डॉलर झाली. मार्चअखेर यंत्र सोडत काढतें. ज्यांचें नांव निघेल त्यांच्या मालकांनीं एप्रिलपासून तीन महिन्यांत सविस्तर अर्ज करावयाचा, आणि मंजुरी मिळाल्यास पहिल्या ऑक्टोबरपासून माणूस त्या परवानगीवर कामास लागावयाचा. कारण तेथील सरकारी वर्ष त्या दिवशीं सुरू होतें. २०२१ सालीं अशीं ३,०८,६१३ नांवें आलीं. २०२२ सालीं ४,८३,९२७. आणि २०२३ सालीं ७,८०,८८४. जागा मात्र तेवढ्याच.

आतां या पद्धतींत एक बारीक खुबी आहे, आणि आमची सारी हकीकत त्या खुबीचीच आहे. नांव निघालेल्यांपैकीं कित्येकांचे अर्ज येतच नाहींत. कोणाची नोकरी सुटते, कोणाचा बेत बदलतो, कोणाचा अर्ज नामंजूर होतो. म्हणून तेथील खातें जागांपेक्षां अधिक नांवें काढतें. आणि तरीही जागा उरतील असें दिसल्यास राहिलेल्या नांवांतून पुन्हां सोडत काढतें. ती काढतील कीं नाहीं, काढल्यास केव्हां, हें आधीं कोणी सांगत नाहीं. त्यामुळें मार्चमध्यें ज्याचें नांव राहिलें त्याला 'नाहीं' असें उत्तर मिळत नाहीं. त्याच्या नांवापुढें 'सबमिटेड', म्हणजे 'सादर झाला', एवढाच शब्द तसाच उभा असतो. वर्षाच्या जागा भरल्या असें जाहीर होईपर्यंत तो पुसला जात नाहीं आणि पुढेंही सरकत नाहीं.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा २०१९ सालीं यंत्रशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठीं अमेरिकेस गेला. दीड वर्षांत पदवी घेऊन तो रुग्णालयांत लागणारीं यंत्रें तयार करणाऱ्या एका कंपनींत नोकरीस लागला. शिक्षणानंतर अनुभवासाठीं म्हणून तेथें एक वर्ष काम करतां येतें, आणि विज्ञान, गणित, यंत्रशास्त्र अशा विषयांच्या पदवीधरांस त्यापुढें आणखी दोन वर्षें मिळतात. एकंदर तीन वर्षें. म्हणजे मार्चच्या तीन सोडती. २०२४ च्या फेब्रुवारींत त्याची मुदत संपावयाची होती.

२०२१ च्या मार्चमध्यें नांव निघालें नाहीं तेव्हां घरांत कोणी फारसें मनावर घेतलें नाहीं. जुलैंत दुसरी सोडत झाली, नोव्हेंबरांत तिसरी झाली, आणि यंदाच्या जागा भरल्या असें जेव्हां जाहीर झालें तेव्हां फेब्रुवारी संपत आला होता व पुढच्या मार्चचीं नांवें घालण्याची वेळ येऊन ठेपली होती. एका 'नाहीं'ला अकरा महिने लागले. २०२२ सालीं दुसरी सोडत निघालीच नाहीं. तें 'नाहीं' ऑगस्टांत कळलें. २०२३ चा मार्च हा मुदतींतला शेवटचा, आणि तोही कोरडाच गेला. मग एप्रिलपासून आमच्या घरांत दुसऱ्या सोडतीची वाट पाहणें सुरू झालें.

परीक्षेंत मुलगा नापास झाला तर घरांत दोन दिवस कोणी धड जेवत नाहीं. पण तिसऱ्या दिवशीं पुढच्या वर्षाचीं पुस्तकें काढलीं जातात. 'नाहीं' या शब्दाचा हा मोठा उपकार आहे. तो ऐकला कीं माणूस रडतो, आणि रडून झाल्यावर उठतो. 'सादर झाला' या शब्दांत रडण्याची सोय नाहीं आणि उठण्याचीही नाहीं. आमच्या वहिनींनीं त्या उन्हाळ्यांत कुरडया घातल्या, पण त्यांतून पुतण्याचा डबा भरावा कीं नाहीं हें त्यांना ठरवितां येईना. तो येणार असेल तर पाठवून काय करावयाचें, आणि न येणार असेल तर न पाठवून कसें चालेल? तिकडे त्याचीही तीच स्थिति. घराचा करार वर्षाचा करावा कीं महिन्याचा, जुनी मोटार दुरुस्त करावी कीं विकावी, दांत दुखतो तो तिकडे दाखवावा कीं पुण्यास येऊन, अशा लहानसहान गोष्टी त्याच्या दाराशीं रांग लावून बसल्या होत्या. आमचे बंधू बँकेंतून निवृत्त झालेले. शिक्षणासाठीं काढलेल्या कर्जाचे हप्ते डॉलरच्या पगारांतून फिटले तर किती वर्षें आणि रुपयांच्या पगारांतून फिटले तर किती वर्षें, हें कोष्टक त्यांनीं वहींत दोन रकान्यांत मांडून ठेविलें होतें. लग्नकार्यांत भेटणारी मंडळी विचारीत, "काय हो, झालें का तुमच्या मुलाचें?" 'झालें नाहीं' म्हणावें तर तें खरें नव्हे, आणि 'व्हावयाचें आहे' म्हणावें तर त्याला आधार नाहीं.

आमच्या मातोश्री त्या वेळीं चौऱ्यायशीं वर्षांच्या होत्या. आमचें कुलदैवत गोव्यांत. तेथें देवापुढें कौल लावण्याची चाल आहे. सोडतीची सारी पद्धत त्यांनीं आमच्याकडून शांतपणें समजावून घेतली आणि म्हणाल्या, "कौल लावतांना ज्याचें काम त्याचें नांव, गोत्र, अडचण देवापुढें बोलावी लागते. तुमच्या त्या यंत्रापुढें कोणी कांहीं बोलतें का?" आम्हीं सांगितलें कीं बोलत नाहीं, यंत्राला नांव असतें, माणूस नसतो. त्यावर त्या एवढेंच म्हणाल्या, "मग तें रागावलेलें नाहीं, एवढें तरी खरें."

याच सुमारास एक गृहस्थ बंधूंना भेटले. त्यांचें म्हणणें असें कीं एका मालकाकडून एकच चिठ्ठी पडते. तीन मालकांकडून नांव घातलें कीं तीन पडतात. खरोखरीच निरनिराळ्या कंपन्या नोकरी देत असतील तर त्यांत तेव्हां कांहीं बेकायदा नव्हतें. पण हे गृहस्थ ज्या कंपन्यांविषयीं बोलत होते तेथें नोकरी अशी नव्हतीच; केवळ नोकरी आहे असें लिहून देण्यापुरतीं तीं नांवें होतीं. त्या वर्षीच्या सोडतींत चार लक्षांहून अधिक नोंदी एकाहून अधिक वेळां नांव आलेल्या माणसांच्या होत्या, आणि त्यांत संगनमत झाल्याचा संशय खुद्द तेथील खात्यानेंच पुढें बोलून दाखविला. २०२४ पासून नोंदी किती आल्या हें न पाहतां एका माणसाची एकच चिठ्ठी धरण्याचा नियम झाला तो त्यामुळेंच. परंतु हें सर्व नंतरचें. त्या रात्रीं बंधूंनीं फोनवर मुलाला तें बोलणें जसेंच्या तसें सांगितलें; घे असेंही म्हणाले नाहींत आणि नको असेंही म्हणाले नाहींत. पुतण्या म्हणाला, "बाबा, नोकरी नसतां आहे असें लिहून देणाराच्या हातीं मी माझें नांव कसें देऊं? उद्यां चिठ्ठी निघाली तरी ती माझी म्हणतां येणार नाहीं." बंधूंनीं फोन ठेवला आणि बराच वेळ ते गच्चीवर उभे होते. त्यांना वाईट वाटलें कीं बरें वाटलें हें आम्हीं विचारलें नाहीं.

जुलैअखेर दुसरी सोडत झाली. तींत सुमारे ७७,००० नांवें निघालीं. पुतण्याचें त्यांत नव्हतें. त्याच्याच खोलींत राहणाऱ्या, त्याच विद्यापीठांतून त्याच वर्षीं पदवी घेतलेल्या मित्राचें मात्र निघालें. ही बातमी पुतण्यानेंच आनंदानें सांगितली. बंधूंना राहवेना; त्यांनीं विचारलें, "त्याला गुण किती होते?" गुण पुतण्याहून कमी होते. बंधू कांहीं तरी पुटपुटले. तेव्हां पुतण्या जें म्हणाला तें आम्ही विसरलों नाहीं: "बाबा, त्याची निघाली म्हणून तो माझ्याहून हुशार ठरला नाहीं, हें तुम्हांला लगेच पटतें. मग माझी निघाली नाहीं म्हणून माझें काय उणें राहिलें, तें कां शोधीत बसतां?"

या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, कारण आमच्या घरच्या हिशेबांत त्याला रकानाच नाहीं. सोडतींत नांव आलें असतें तर आम्हीं पेढे वांटले असते, आणि चार वर्षांनीं सांगतांना 'त्यानें व्हिसा मिळविला' असेंच म्हटलें असतें; 'त्याला व्हिसा लागला' असें कोणी म्हटलें नसतें. मनुष्य आपलें यश गुणांच्या खात्यावर मांडतो आणि अपयश आलें म्हणजे दैवाचें खातें उघडतो. त्या दिवसांत आम्हीं आजोबांच्या गुणांकडे नव्यानें पाहिलें. गुण त्यांचेच होते यांत शंका नाहीं. पण त्यांच्या गांवीं शाळा होती आणि शेजारच्या गांवीं नव्हती. पुण्यास आल्यावर सात घरीं वार लावून त्यांनीं शिक्षण केलें. त्या सात घरांपैकीं दोन घरांनीं नाहीं म्हटलें असतें तर तो संस्कृतचा आंकडा आज कोणी म्हणून दाखविला नसता. आणि त्यांची धाकटी बहीण त्यांच्याहून तल्लख होती असें आजोबा स्वतःच सांगत. तिची चिठ्ठी तर कोणीं पेटींत टाकलीच नाहीं. सोडत ही कांहीं परदेशांतून आमच्या घरीं प्रथम आलेली वस्तु नव्हे. आमच्याकडे ती पूर्वींपासून होती, फक्त तिला कोणी सोडत म्हणत नसे.

यावरून श्रमाला अर्थ नाहीं असें कोणी म्हणेल तर तें आम्हांस मान्य नाहीं. पुतण्याची पदवी, त्याचें काम आणि त्या कंपनीनें वर्षानुवर्षें त्याचें नांव घालणें, हें सर्व श्रमानेंच मिळालें होतें. श्रमानें माणूस दारापर्यंत पोंचतो. पुढें कित्येक दारें अशीं असतात कीं तेथें त्याची योग्यता कोणी विचारीत नाहीं. अशा दारावरचें उत्तर हा आपल्या योग्यतेचा निकाल नव्हे, एवढें ज्या घरानें ओळखलें त्या घरांतील मुलगा हात हालवीत परत आला तरी मान खालीं घालून येत नाहीं.

त्या वर्षीचें 'नाहीं' डिसेंबरांत रीतसर आलें, आणि २०२४ च्या मार्चमध्यें पुतण्या पुण्यास परत आला. कंपनीनें त्याला सोडलें नाहीं. तिच्या येथील शाखेंत तात्पुरतें बसवून काम दिलें आणि नांव घालण्याचेंही चालू ठेवलें. तात्पुरतें हा शब्द आमच्या घरांत त्या दिवशीं आला तो वर्षभर राहिला. त्याच्या पेट्या बांधलेल्याच होत्या. अमेरिकेच्या वेळेप्रमाणें काम करून तो दुपारीं उठे. मुली सांगून येत तेव्हां मुलीकडची मंडळी विचारीत, "मुलगा इकडचा समजावयाचा कीं तिकडचा?" त्यावर घरांतील प्रत्येकाचें उत्तर निराळें असे. २०२४ च्या ऑगस्टांत दुसरी सोडत निघाली. नांव आलें नाहीं. २०२५ च्या मार्चमध्यें पांचव्यांदां नांव घातलें. पहिल्या सोडतींत आलें नाहीं, आणि तोच शब्द पुन्हां उभा राहिला.

त्या वर्षीच्या जून महिन्यांत, दुसरी सोडत होईल कीं नाहीं याचा पत्ता नसतांना, पुतण्यानें कंपनीला लिहून पुण्यांतील कामाची कायम नेमणूक मागून घेतली. त्यांत पगार पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आला. बंधूंनीं वहींतला पहिला रकाना उभी रेघ मारून बंद केला. आम्हीं पुतण्याला विचारलें, "आणखी महिनाभर थांबून पाहावयाचें होतें. निघालीच तर?" तो म्हणाला, "काका, नांव मीं काढून घेतलेलें नाहीं. निघाली तर त्या दिवशीं विचार करूं. पण ती निघेपर्यंत मी कोठें राहतों, हें मला ठाऊक असलें पाहिजे."

१८ जुलै २०२५ रोजीं त्या वर्षीच्या जागा भरल्याचें जाहीर झालें. दुसरी सोडत निघाली नाहीं. आमच्या घरांत ती बातमी रात्रीच्या जेवणांत आली आणि ताकाबरोबर संपली. पुढें सप्टेंबरांत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीं फर्मान काढून, देशाबाहेरील माणसासाठीं नवा अर्ज करावयाचा तर मालकानें एक लक्ष डॉलर भरावे असें ठरविलें. कंपनीनें यापुढें नांव घालणें परवडणार नाहीं असें कळविलें. डिसेंबरांत सोडतीचाही नियम बदलला: ज्याला वरच्या श्रेणीचा पगार त्याचें नांव पेटींत चार वेळां, सर्वांत खालच्या श्रेणीच्या माणसाचें एकदांच. म्हणजे चिठ्ठीलाही आतां वजन आलें. पुतण्या बंधूंना हंसून म्हणाला, "बाबा, तुमची परीक्षा आली परत, फक्त गुणांच्या जागीं पगार आहे."

त्याचें तिकडचें काम सुटलें याचें दुःख खोटें नाहीं, आणि तें झांकण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. ज्या यंत्राचा पहिला नमुना त्याच्या हातून झाला तें पुढें दुसऱ्यांनीं पुरें केलें. त्याचा उल्लेख निघाला कीं तो अजून गप्प होतो. कर्जाचे हप्ते आणखी सात वर्षें आहेत. त्याचें लग्न यंदा ठरलें. मुलीच्या वडिलांनीं नेहमींचा प्रश्न विचारला तेव्हां, आम्ही कोणी तोंड उघडण्यापूर्वीं, त्यानें स्वतःच सांगितलें कीं तो येथला आहे; पुढें कोठें जाण्याचा योग आला तर दोघें मिळून ठरवितील.

ज्या घरांत आज 'सादर झाला' या शब्दाकडे डोळे लागले आहेत त्यांस आमचें सांगणें इतकेंच. मुलाचें नांव अवश्य घालावें. जोंवर कोणी न्यायानें घालूं देत आहे तोंवर घालावें. परंतु चिठ्ठी निघेपर्यंत त्याचें जेवणखाण, दुखणेंखुपणें, लग्नकार्य, यांपैकीं एकही गोष्ट तिच्या स्वाधीन करूं नये. आणि ती नाहींच निघाली, तर घरांत कोणीं त्याला गुण विचारूं नयेत.